समोर उभं राहून उतू जाणारं दूध: डोक्यातल्या भांडणाची एक केस

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे तिसऱ्यांदा दूध उतू गेलं आणि तिन्ही वेळा मी गॅससमोरच उभी होते. दुसऱ्या खोलीत नव्हते, मोबाईलवर नव्हते, कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले नव्हते, चक्क पातेल्याकडे बघत उभी होते. साय वर आली, फुगली, कडेवरून खाली उतरली, बर्नर फसफसून विझला, आणि तेव्हा कुठे मला दिसलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं पाठ फिरवल्यावर सगळ्यांचंच जातं, तुझं डोळ्यांदेखत जातं, कमाल आहे."

कमाल कसली, मी तिथे नव्हतेच. मी कराडला होते, आईच्या घरी, माजघरातल्या खुर्चीत बसून दादाला ऐकवत होते. "दादा, तू हे बोलूच कसा शकतोस, फेब्रुवारीत नऊ दिवस रजा टाकून कोण आलं होतं, वॉकर कोणी घेतला, फिजिओचे पैसे कोणी पाठवले..." भाषण इतकं घोटलेलं की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हेसुद्धा ठरलेलं. दादा माझ्या डोक्यात प्रत्येक वेळी निरुत्तर होतो. हे भाषण मी मार्चअखेरपासून देतेय, जवळजवळ रोज, आणि प्रत्यक्षात त्याच्यासमोर एकदाही दिलेलं नाही.

तर ही त्याची केस. आपल्या डोक्यात काय चाललंय ते रोजच्या धबडग्यात कळतं का, कळलं तर कधी कळतं, आणि कळून नेमकं होतं काय, एवढंच मी एक महिना बघितलं. पेशंट मीच, बघणारी पण मीच, त्यामुळे ज्याला शास्त्रीय वगैरे म्हणतात तसं यात काही नाही हे आधीच सांगून ठेवते.

पार्श्वभूमी

मी ४५ वर्षांची, राहते चिंचवडला, भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. घरात नवरा, तेरा वर्षांचा लेक आणि सासूबाई. माहेर कराडचं. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, आई दादा-वहिनीकडे असते, म्हणजे घर आईचंच आहे पण आता आपण "दादाकडे" असंच म्हणतो ना. यंदा फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी नऊ दिवस जाऊन राहिले आणि परत आले कारण पुढे मार्च एंड, अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या माणसाने मार्चमध्ये रजा मागायची म्हणजे राजीनामाच द्यायचा. महिन्यातून एक शनिवार-रविवार जात होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ऑफिसमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजलेले असताना दादाचा फोन आला, आईच्या औषधांचं काहीतरी विचारायला, आणि बोलता बोलता तो म्हणाला, "तुझं बरंय गं, तू येतेस, दोन दिवस राहतेस, जातेस."

बस, एवढंच वाक्य. मी "हं" म्हटलं, औषधाचं नाव सांगितलं, फोन ठेवला. दादा बहुतेक त्या रात्री शांत झोपला असेल. मी मात्र तेव्हापासून त्याला उत्तर देतेय.

आता गंमत अशी की मला हा विषय अगदीच नवीन नाही. २०१७ साली इगतपुरीला धम्मगिरीवर मी दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलंय. गोएंका गुरुजींनी १९६९ मध्ये म्यानमारहून, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशातून येऊन भारतात शिबिरं सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र चालू आहे. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, वही-पेन जमा, आर्य मौन म्हणजे बोलणं-खुणा सगळं बंद, पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास आणि चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघायच्या. त्यांचे सयाजी ऊ बा खिन हे गुरू ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते हे ऐकून मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखं झालं होतं. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा मला वाटलं की झालं, आता आपण बदललो. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. मी तीन आठवडे बसले, मग सकाळचं सुटलं, मग लेकाची परीक्षा आली, मग संध्याकाळचं पण सुटलं, हे पुढचं प्रत्येकाला माहीतच असेल.

पण माझी खरी गफलत वेगळीच झाली होती. मी असं धरून चालले होते की हे सगळं डोळे मिटून, मांडी घालून, उशी घेऊन करायचं काम आहे. मुळात बुद्धाच्या ज्या उपदेशावर, म्हणजे सतिपट्ठान सुत्तावर, हे सगळं उभं आहे त्यात चालताना, वाकताना, हातपाय लांब करताना, खाताना, पिताना, अगदी शौचाला बसल्यावरसुद्धा भान ठेवा असं स्पष्ट म्हटलंय (हे वाचल्यावर मला हसू आलं, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंचं डोकंही तिथेच भरकटत असणार). आणि चित्ताबद्दल जे म्हटलंय ते तर फारच साधं आहे. रागाने भरलेलं चित्त असेल तर हे रागाने भरलेलं चित्त आहे असं जाणायचं, नसेल तर नाही असं जाणायचं. हाकला, बदला, चांगलं करा, असं त्या ओळीत काही नाही. मी सात वर्षांत ही ओळ कितीदा वाचली असेल, पण ती दुधाच्या पातेल्यासमोर लागू होते हे काही डोक्यात आलं नव्हतं.

कसं बघायचं ठरवलं

दिवसभर भान ठेवायचं असं ठरवलं की दुपारी बारापर्यंत ते विसरलेलं असतं, हा अनुभव गाठीशी होता. म्हणून मी जागा ठरवली. सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध, बास. पातेलं ठेवल्यापासून वर येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी उभी राहणार आणि डोक्यात काय चाललंय ते बघणार. उतू जायच्या आत "भांडण चालू आहे" हे कळलं तर एक रेघ. नाही कळलं तर काही नाही.

रेघ मारायला जवळ काय, तर भिंतीवरची दिनदर्शिका आणि तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आमच्याकडे तिच्यावर दुधाचा हिशोब असतो. रतीब रोजचा दीड लिटर, जास्त घेतलं की अर्ध्या लिटरला एक रेघ, नाही घेतलं की फुली, हे खातं सासूबाईंचं. मी माझी रेघ त्याच चौकोनात पण खालच्या कोपऱ्यात मारायला लागले आणि कोणालाही काही सांगितलं नाही. याचं पुढे काय झालं ते सांगते. शिवाय मोबाईलच्या नोट्समध्ये, जमलं तर, पकडलेला विचार जसा होता तसा एका ओळीत टाकायचा.

पहिला आठवडा

एक रेघ. चौदा वेळा दूध तापवलं, त्यातल्या एका वेळी कळलं. बाकी वेळी कधी दूध खाली उतरवल्यावर, कधी स्कूटीवर बसल्यावर, एकदा तर थेट ऑफिसात जीएसटीचं पोर्टल उघडताना कळलं की अरे, सकाळी आपण पूर्ण वेळ दादाला झापत होतो. म्हणजे कळायचं, पण पोस्टाने आल्यासारखं.

हे काही माझं एकटीचं नाही. हार्वर्डच्या दोघांनी, किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट, २०१० मध्ये एक अभ्यास छापला होता, २२५० लोकांना फोनवर अधूनमधून विचारायचे की आत्ता काय करताय आणि मन त्यातच आहे का दुसरीकडे, तर ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. साधारण निम्मा वेळ. माझं दुधासमोरचं प्रमाण त्याहून बरंच वाईट निघालं, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. ठरवलं की दुधासमोर दादा नको. काहीही चालेल, पाढे म्हणेन, पण दादा नको. तर त्या तीन दिवसांत दादा दुधासमोर होताच, शिवाय आंघोळीत, सिग्नलला, लेकाच्या डब्यात भाजी भरताना, सगळीकडे. याचाही एक प्रयोग आहे, डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा, १९८७ चा. लोकांना पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल करा अस्वलाचा विचार, तेव्हा या लोकांच्या डोक्यात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं, म्हणजे दाबून ठेवल्याचं व्याज वसूल झालं. माझं अस्वल कराडला राहतं एवढाच फरक.

तिसरी चूक कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि मला वाटतं या केसमधली महत्त्वाची गोष्टही तीच आहे. विचार पकडला की लगेच मागून आवाज यायचा, "परत तेच, दहा दिवस शिबिर करून आलीस, पंचेचाळीस वर्षांची झालीस, अजून भावाच्या एका वाक्यात अडकलीयेस, लाज वाटायला पाहिजे." आणि मी समजायचे की हा आवाज म्हणजे माझी जागरूकता! मी बघतेय म्हणूनच तर ओरडतेय ना. बरेच दिवस मी त्या आवाजाला साक्षीभाव वगैरे समजून मान देत होते. एके सकाळी दूध वर येत असताना हे नेहमीचं झापणं चालू होतं आणि अचानक जाणवलं की अगं, हा पण विचारच आहे. आवाज माझ्या शाळेतल्या एका बाईंसारखा, वाक्य ठरलेलं, चाल ठरलेली, दादाच्या भाषणाइतकंच घोटलेलं. बघणारी म्हणून जिला मी खुर्ची दिली होती तीही आरोपीच्याच पिंजऱ्यातली निघाली. त्या दिवशी मी दोन रेघा मारल्या, एक दादाची, एक बाईंची.

शरीर आधी सांगतं

याच सुमारास लेक डायनिंग टेबलवर बसून विचारतो, "आई, तू कोणाशी बोलतेयस?" मी म्हटलं कोणाशी नाही. म्हणाला, "तुझे ओठ हलतायत." मला पत्ताच नव्हता. भाषण इतकं मनापासून चालू होतं की ते ओठांपर्यंत आलं होतं.

नंतर लक्ष ठेवलं तर ओठांच्याही आधी जीभ टाळूला चिकटून दाबली जाते, मग डावा जबडा आवळतो, मग श्वास वरच्या वर होतो, आणि मग कुठे शब्द सुरू होतात. गोएंका गुरुजी प्रवचनात हेच सांगायचे, मनात विकार जागला की श्वासाची गती बदलते आणि शरीरावर काहीतरी संवेदना सुरू होते, विकाराला सरळ बघणं अवघड पण श्वासाला आणि संवेदनेला बघणं शक्य. तिथे ऐकताना मी मान डोलवली होती. इथे ओट्यासमोर कळलं की हा फारच व्यवहारी सल्ला आहे. विचार पकडायला गेलं की आपण विचाराच्या आत जाऊन बसतो, कारण तो आपल्याच आवाजात बोलतो, आपल्याच बाजूने बोलतो. जबडा कोणाची बाजू घेत नाही. जबडा आवळला की आवळला.

तर तिसऱ्या आठवड्यात मी विचारांचा नाद सोडला आणि जिभेवर लक्ष ठेवलं. टाळूला लागली का, बघायचं. त्या आठवड्यात नऊ रेघा झाल्या.

पासबुक आणि कॅशबुक

आता नोट्सबद्दल. पंधरा-सोळा दिवसांनी मोबाईलमधल्या ओळी सलग वाचल्या आणि पहिली गोष्ट अशी दिसली की सगळं मिळून चारच वाक्यं आहेत. मला वाटत होतं मी खूप विचार करतेय, खोल विचार करतेय, आईचं म्हातारपण, नाती, मुलीची जबाबदारी. प्रत्यक्षात चार वाक्यं, फिरून फिरून.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. आम्ही दर महिन्याला बीआरएस करतो, म्हणजे आपल्या कॅशबुकात काय लिहिलंय आणि बँकेच्या पासबुकात काय आहे ते जुळवून बघायचं. सवयीने मी तेच केलं. दादा फोनवर काय म्हणाला, तर "तुझं बरंय गं, तू येतेस, दोन दिवस राहतेस, जातेस." आणि माझ्या भाषणात मी कशाला उत्तर देत होते, तर "तू आईसाठी काहीच करत नाहीस" याला. हे वाक्य दादाच्या पासबुकात नाही! कॅशबुकात मीच एंट्री मारलीय आणि चार महिने त्याच्यावर व्याज लावतेय. आणि "गं" तर मी कधीच काढून टाकला होता. तो "गं" महत्त्वाचा आहे, माणूस चिडून बोलताना तो "गं" त्या जागी येत नाही, थकलेला असला की येतो.

तरीही, एक वाक्य चुकीचं ऐकलं म्हणून कोणी चार महिने दूध उतू घालवतं का, हे काही पटेना. उत्तर एका संध्याकाळी मिळालं, तारीख २० होती, जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरून डोकं पिठलं झालेलं, चहासाठी दूध ठेवलं. जीभ टाळूला लागली हे कळलं. नेहमीपेक्षा जरा लवकर कळलं असावं कारण भाषण अजून सुरूच झालेलं नव्हतं. आणि त्या एवढ्याशा फटीत एक वाक्य दिसलं, फारच लहान, आवाजसुद्धा नसलेलं. "त्याचं खरंच आहे."

आणि त्याच्या पुढच्या क्षणाला, "दादा, तू हे बोलूच कसा शकतोस."

मी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसले. म्हणजे क्रम असा होता. आधी "त्याचं खरं आहे", त्याच्यासोबत पोटात एक खड्डा, आणि तो खड्डा जाणवायच्या आत भाषण चालू, मोठ्याने, व्यवस्थित, मुद्देसूद. भाषण दादाला ऐकवायला नव्हतंच. ते त्या पहिल्या वाक्यावर घातलेलं झाकण होतं, आणि साय धरलेल्या दुधाचं असतं तसं वाफ खालून येतेय, वर पडदा, म्हणून फुगतंय. (उपमा ओढूनताणून वाटेल पण मी खरंच पातेल्यासमोरच बसले होते.)

कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचार तपासून करायचे मनाचे उपचार, ज्यांनी सुरू केली त्या ॲरन बेक यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. ते तेव्हा फिलाडेल्फियात मनोविश्लेषण करायचे, एक पेशंट त्यांच्यावर चिडून तावातावाने बोलत होता, त्यांनी विचारलं आत्ता कसं वाटतंय, तर तो म्हणाला फार अपराधी वाटतंय. म्हणजे तोंडाने राग चालू असताना आत दुसरा प्रवाह चालू होता, मी हे बोलायला नको होतं, मी वाईट आहे, असा. त्या पटकन येऊन जाणाऱ्या, न बोललेल्या विचारांवर बेक यांनी पुढे सगळी पद्धत उभी केली. मला हा किस्सा आधीपासून माहीत होता. माहीत असणं आणि आपल्या ओट्यासमोर सापडणं यात फार अंतर असतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ते वाक्य सापडल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. दोन दिवस वाईट गेले. राग होता तोपर्यंत निदान उभं राहायला जमीन होती. भाषण कमी झालं आणि त्या जागी नुसतं आईचं वॉकर धरून चालणं दिसायला लागलं. हे लिहून ठेवतेय कारण "विचारांकडे नुसतं बघा" असं सांगताना लोक हा भाग गाळतात. माझ्या बाबतीत खाली जे निघालं ते पेलण्याएवढं होतं. एखाद्याच्या बाबतीत नसेल, झोप उडत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर त्याने एकट्याने पातेल्यासमोर हे उद्योग करू नयेत, सरळ डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावं, सरकारची टेली मानसची १४४१६ ही फोनसेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणखी एक, विचार करणं वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. ताळेबंद जुळवताना मी विचारच करते. उद्या डब्याला काय हा पण विचारच आहे आणि तो केल्याशिवाय घर चालत नाही. फरक फक्त एवढाच की त्या विचाराला शेवट असतो, दुधी ठरला की तो संपतो. चार महिन्यांत दादाचं भाषण एकदाही संपलं नव्हतं.

राखी

ऑगस्टमध्ये राखीला कराडला गेले, स्वारगेटवरून एसटीने. गाडीत पाच-सहा वेळा जीभ टाळूला लागली, लागली म्हटलं, खिडकीबाहेर बघितलं, परत लागली. शिरवळ ते वाई फाटा पूर्ण भाषणात गेला, त्याची रेघ नाही.

आईला पुष्कळ बरं वाटत होतं. ओवाळून झालं, नारळीभात झाला, आई आडवी झाली आणि मी, दादा, वहिनी माजघरात. माझ्या भाषणातली तीच खुर्ची. दादा म्हणाला, "उद्या निघणार ना लगेच? तुझं काय, तू सुटतेस."

जवळजवळ तेच वाक्य. जीभ टाळूला, जबडा आवळला, आणि खाली ते लहान वाक्य यावेळी स्पष्ट ऐकू आलं. भाषणही आलं, पूर्ण तयारीने, दारात उभं राहिलं. मी काही थोर केलं नाही. मी जे आधी आलं होतं तेच बोलले. "हो रे दादा, खरंय. मी सुटते."

दादा गप्प. बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "रात्री तीनला उठते ती बाथरूमला. हाक मारत नाही, एकटीच जायला बघते. म्हणून मला झोपच लागत नाही, कान तिकडेच असतो." फेब्रुवारीपासून. मला हे माहीत नव्हतं. माझ्या भाषणात त्याला बोलायची संधीच नव्हती तर कळणार कुठून.

मग आम्ही रात्रीच्या वेळेसाठी एक बाई ठेवायचं बोललो, तिचा पगार मी देणार, दादा म्हणे निम्मा, त्यावर रीतसर वाद झाला, मोठ्या आवाजात, आणि शेवटी मी देतेय.

इथे थांबले असते तर केस फार छान दिसली असती. पण दहा मिनिटांनी वहिनी ताटं उचलताना म्हणाल्या, "बरं झालं ताई, पैशांनी का होईना तुमचा हातभार लागेल," आणि मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. जीभ, जबडा, श्वास, काही म्हणजे काही कळलं नाही. थेट बोलून झाल्यावर स्वतःचाच आवाज कानावर आला. दादासाठी महिनाभर सराव केला होता, वहिनींसाठी एक दिवसाचाही नव्हता. रात्री माफी मागितली, त्यांनी "असू दे हो" म्हटलं, त्या "असू दे हो"चा अर्थ मी अजून लावतेय आणि आता दुधासमोर त्या असतात.

एक राहिलं

जुलैच्या रेघांची बेरीज २३. पहिल्या आठवड्यात एक, मग चार, मग नऊ, मग सात, आणि शेवटच्या तीन दिवसांत दोन. सात का झाल्या म्हणजे कमी का झाल्या, तर शेवटच्या आठवड्यात भाषणच कमी व्हायला लागलं होतं त्यामुळे पकडायलाही कमी मिळालं, असं मला वाटतं, नाहीतर नुसता कंटाळाही असेल.

एक ऑगस्टला दूधवाला हिशोबाला आला. सासूबाईंनी चष्मा लावून दिनदर्शिका काढली, मोजलं, परत मोजलं, आणि त्याला म्हणाल्या, "या महिन्यात साडेतेरा लिटर जास्त झालं होय रे?" तो बिचारा म्हणतो, "नाही हो काकू, माझ्याकडे दोनच लिटर जास्तीचं आहे." सासूबाई ऐकेनात, आमच्याकडे रेघा आहेत म्हणे, तू विसरला असशील, घे पैसे. तो नको म्हणतोय, या देतायत, असा उलटा तंटा दारात चाललेला. शेवटी मला मध्ये पडून सांगावं लागलं की खालच्या कोपऱ्यातल्या रेघा माझ्या आहेत.

तो गेल्यावर त्यांनी ओट्याजवळ येऊन विचारलं, कसल्या रेघा. मी सांगितलं सगळं, आडपडदा न ठेवता. त्या ऐकत होत्या, दूध गॅसवर होतंच.

"म्हणजे तू इथे उभी राहून भावाशी भांडतेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी माझ्या सासूशी भांडते. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली."

मी विचारलं, "मग आई, कधी जिंकता का?"

"रोज जिंकते की," त्या म्हणाल्या, गॅस बारीक केला आणि साय काढायला चमचा मागितला.